सकाळी पाहायचं फूल

आधी माफी मागतो. ज्यांच्याविषयी लिहितो आहे, त्यांनी मला तीन वर्षांत एकच काम सांगितलं होतं, आणि ते म्हणजे काहीही न करणं. तेवढंही माझ्याकडून झालं नाही. अशा माणसानं त्यांच्यावर लिहायला बसावं का, हे मला अजून कळलेलं नाही. शिवाय आमच्या घरात अर्जापलीकडे कोणी काही लिहिलेलं नाही. अर्जाची सुरुवात आणि शेवट ठरलेला असतो, मधे फक्त कारण लिहायचं. इथं कारण माहीत आहे, सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. म्हणून जसं आठवतं तसं सांगतो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

सगळ्यात आधी आठवतो तो आवाज. आबाजींच्या सदऱ्याच्या खिशात तंबाखूची एक जुनी पत्र्याची डबी असायची. चालताना, बोलताना, ओट्यावर बसून रस्ता पाहताना ते ती डबी हलवत राहायचे. खुळखुळ, खुळखुळ. पवनीला कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा मी खोली शोधत त्या गल्लीत गेलो आणि कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर विचारलं. ठेलेवाले भाऊ पानाला चुना लावता लावता म्हणाले, "समोरच्या घरी आहे खोली. पण मालक खुळखुळा आहे. पहिले आवाज येईल, मंग माणूस दिसंल."

तसंच झालं.

आबाजी माझे नात्यातले कोणी नव्हेत. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला आबाजी म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागलो. घराणं विणकराचं. पुढच्या खोलीत खड्ड्याचा माग होता. विणणारा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो, तसला. मी गेलो त्याच्या कितीतरी आधी धंदा बंद झाला होता. माझं गाव, घरची शेती, बारावीचे टक्के, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही.

"सकाळी किती वाजता उठतोस?"

"सहाला."

"खरं सांग."

"घरी सहाला. इथं साडेसहाला उठीन."

"जमते," ते म्हणाले. "आठच्या आत परसात येऊन एक फूल पाहायचं. रोज. नाही पाह्यलं त खोली खाली कर."

मला वाटलं, गंमत करतात. दुसऱ्या दिवशी सव्वासातला दार वाजलं तेव्हा कळलं की गंमत नव्हती.

परसाच्या कोपऱ्यात एक फुटका रांजण अर्धा जमिनीत पुरलेला होता. त्यात माती नव्हती, लाल मुरूम होता. मुरमावर सुतासारख्या बारीक फांद्या चहूकडे लोळलेल्या, इवल्या पानांवर रेशमासारखी लव, आणि मधे मधे सदऱ्याच्या बटणाएवढी निळी फुलं. आत पांढरा ठिपका. निळा रंग असा की जवळ जाऊन पाहावंसं वाटलं, म्हणून मी उकिडवा बसलो.

"एवढंसंच?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मंग? तू कमळ पाहाले आलतास का?"

मी वनस्पतिशास्त्र घेतलं होतं. सरांना वर्णन सांगितलं तर त्यांनी लगेच नाव सांगितलं, विष्णुक्रांता. कोणी निळी शंखपुष्पीही म्हणतात. गवताळ रानात, मुरमाड जमिनीवर येते. उन्हाळ्यात वरचं सगळं वाळून जातं, पण मूळ लाकडासारखं टणक होऊन जमिनीत जिवंत राहतं, आणि पाऊस पडला की पुन्हा फुटतं. मी धावत येऊन आबाजींना नाव सांगितलं. त्यांनी डबी हलवणं थांबवलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "असंल. आमच्या बाईच्या गावात त्याले गवताचा डोळा म्हणत."

बाई म्हणजे त्यांची मोठी बहीण. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

या फुलाची एक खोड आहे. ते सकाळी उघडतं आणि दुपार व्हायच्या आत मिटतं. मिटलं की मागे असं काही उरतच नाही, नुसतं गवत दिसतं. पानठेलेवाले भाऊ जेवायला घरी जाताना दोनच्या सुमारास परसात डोकवायचे.

"कुठं आहे गा आबाजी तुमचं फूल? मले त गवत दिसते."

"सकाळी ये."

"सकाळी माहा धंदा असते."

"मंग फूल तुह्यासाठी नाही."

"गवतच आहे ते. अख्ख्या गल्लीले बनवून राहिले तुम्ही."

"सकाळी पाह्य," आबाजी म्हणायचे, आणि डबी हलवू लागायचे.

हा संवाद मी तीन वर्षांत इतक्यांदा ऐकला की दोघांपैकी एकजण नसला तर त्याचं बोलणं मीच पुरवलं असतं. भाऊ एकदाही सकाळी आले नाहीत. आबाजी एकदाही त्यांच्यासाठी दुपारी काही दाखवायला गेले नाहीत.

डबीत काय आहे हे मला महिन्याभरानं कळलं. वैनगंगेची जाडी रेती होती आणि तिच्यात मिसळलेलं त्या फुलाचं बी, मोहरीपेक्षाही बारीक. त्या बियांचं टरफल फार कठीण असतं. पाणी आत शिरत नाही. तसंच पेरलं तर काही बी उगवतं, काही दोन-दोन वर्षं नुसतं पडून राहतं. रेतीत घासलं की टरफल झिजतं. बाकीचे लोक एकदाच खरखरीत कागदावर घासून मोकळे झाले असते. आबाजी बोलता बोलता घासत. "माही जीभ चालते तवरी हात रिकामा कायले ठेवू?" असं त्यांचं म्हणणं.

मात्र सगळं बी ते घासत नसत. अर्धं तसंच कोरं ठेवत. मी कारण विचारलं.

"समजा पहिलं पाणी पडलं, सगळं उगवलं, अन् मंग पंधरा दिवस उघाड पडली. मंग?"

"सगळं मरंल."

"म्हणून काही आळशी बी पाहिजे."

त्यांचं सगळं ज्ञान असं होतं. शेणखत घालू द्यायचे नाहीत. "जास्त खाऊ घातलं की पानातच रमते, फूल विसरते." सावलीत ठेवायचे नाहीत. पाणी घालायला लोटा नव्हता. मागावरच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ लावायचा जुना कुंचा होता, तो पाण्यात बुडवून दोनदा झटकायचे, बस्स. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, पूजा करतात. फांद्या किती वाढल्या हे मोजायला सुताचा तुकडा होता, दर अमावास्येला त्याला एक गाठ. फांदी खोचूनही रोप लागतं असं मी पुस्तकात वाचून सांगितलं. त्यांनी खोचून पाहिलं. लागलं नाही. त्यावर ते पुस्तकाला काही बोलले नाहीत, मला म्हणाले, "तुह्या पुस्तकात हात कोणाचा होता?"

पण त्यांची सगळ्यात मोठी शिकवण एकच होती, आणि ती ते दिवसातून दहादा सांगत. "हात लावू नको. नुसतं पाह्य." मी धानवाल्याच्या घरचा. आमच्याकडे नुसतं पाहणाऱ्याला आळशी म्हणतात.

आता बाईबद्दल.

बाई ज्या गावात दिली होती ते गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. सगळ्या गावाला नवीन जागी प्लॉट मिळाले. बाई जायला तयार नव्हती. आबाजी तिला समजवायला गेले. दारं काढून नेऊ, खिडक्या नेऊ, छपराचे कवेलू नेऊ, जातं नेऊ, असं एकेक सांगत सुटले. बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् आखर?"

आखर म्हणजे गावाबाहेरची गवताची मोकळी जागा, जिथं सकाळी गावची ढोरं गोळा होतात. बाई लग्न होऊन गेली तेव्हापासून रोज सकाळी तिथं शेण वेचायला जायची, आणि पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत ते आखर या निळ्या फुलांनी भरलेलं असायचं. गवताचे डोळे. आबाजी तिला हसवायला म्हणून म्हणाले, "आखरबी आणून देतो, चाल."

बाई चालली. आणि भाऊबीजेला आबाजी नव्या गावी साडी घेऊन गेले तेव्हा तिनं ओवाळलं, साडी कपाळाला लावली, घडी न मोडता पेटीत ठेवली आणि म्हणाली, "आखर आणशील तवा नेसीन."

दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्याही. ती रागावली नव्हती. पोटभर जेवू घालायची, हसायची, नुसती साडी नेसायची नाही. आबाजींनी मग चढत्या पाण्याच्या काठाकाठानं सायकलीवर जाऊन त्या आखरातून बी गोळा केलं. एक पावसाळा आला आणि त्यानंतर गोळा करायला आखर राहिलं नाही. रांजणातली दोन रोपं आणि डबीतलं बी, एवढंच उरलं होतं.

बंद पडलेला माग वर्षातून एकदा चालायचा तो त्या साडीसाठी. भादव्यात ताणा लागायचा आणि गल्लीला महिनाभर खटखट ऐकू यायची. निळ्या काठाची साडी. दरवर्षी तो निळा थोडा वेगळा. एकदा मी विचारलं, "आबाजी, ती नेसतच नाही तर कायले विणता?"

"नेसली अन् दुसरी नसली, तं?" ते म्हणाले.

आता माझी चूक सांगतो.

मी दुसऱ्या वर्षाला होतो. त्या उन्हाळ्यात आबाजींना एक युक्ती सुचली. या फुलाचं मूळ सरळ खाली जातं आणि ते एकदा हललं की रोप जगत नाही, हे त्यांना पुष्कळ रोपं घालवून कळलं होतं. म्हणून त्यांनी सूत गुंडाळून येतं त्या पुठ्ठ्याच्या रिकाम्या नळ्या घेतल्या, त्यात मुरूम भरला, आणि प्रत्येक नळीत एकेक बी टाकलं. नळीसकट जमिनीत पुरायचं, म्हणजे मुळाला कळणारही नाही की गाव बदललं. असं ते म्हणाले आणि स्वतःच हसले. मिरगाच्या पाण्यावर सतरा नळ्यांत सतरा रोपं उगवली. त्यांनी बाईला निरोप पाठवला की औंदा साडी काढून ठेव.

मग त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. भंडाऱ्याला आठ दिवस. जाताना नळ्यांजवळ उभे राहून म्हणाले, "काही करू नको. पाऊस आहे, पाणीही देऊ नको. नुसतं पाह्य."

मी पाहिलं. दोन दिवस नुसतं पाहिलं. तेव्हा आषाढ चालू होता. शनिवारी घरी गेलो तर सगळं गाव रोवण्यावर. रोवणा म्हणजे धानाचे पऱ्हे, कोवळी रोपं, उपटून चिखल केलेल्या बांधीत ओळीनं लावायचे. मीही आईबरोबर दिवसभर वाकून पऱ्हे लावले. रोवण्याआधी पऱ्हे असेच पिवळट, दाटलेले, केविलवाणे दिसतात, आणि चिखलात गेले की चार दिवसांत हिरवे होतात. हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. रविवारी पवनीला परत आलो तर नळ्यांतली रोपं मला अगदी तशीच दिसली. पिवळट. अडकलेली. वाटलं, आबाजी विणकर माणूस, त्यांना कळत नाही. हे रोवायला झालं आहे.

परसातली एक पेटीएवढी जागा मी खणली, पाणी ओतलं, पायानं तुडवून लोण्यासारखा चिखल केला. नळ्या फाडल्या. एकेक रोप हळूच उपटलं. मुळं लांब होती, ती चिखलात बसेनात, म्हणून बोटानं दुमडून खोचली. ओळीत लावली, दोरी धरून. चारी बाजूंना मातीचा बांध घातला आणि दोन बोटं पाणी बांधलं. काम झाल्यावर मला फार समाधान वाटलं होतं, हे लपवत नाही. आबाजी आले की खूश होतील असंच वाटत होतं.

चौथ्या दिवशी सतराही रोपं पाण्यावर आडवी तरंगत होती.

आबाजी आले, डोळ्यावर हिरवा चष्मा. परसात गेले. मी मागे उभा. ते बराच वेळ त्या चिखलाकडे पाहत राहिले. मला वाटलं आता खोली सोडायला सांगतील. ते म्हणाले, "ओळ सरळ आली आहे."

एवढंच. मग पायरीवर बसले. मी काहीतरी बोललो, माफीचं. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पण पुढचे पंधरा दिवस घरात काही आवाजच नव्हता. डबी खिशात होती, मला तिचा आकार दिसायचा, पण ती वाजत नव्हती. पानठेलेवाले भाऊसुद्धा विचारायला लागले, "खुळखुळा बंद झाला का गा? तब्येत बरी नाही का?" मी सकाळी सातला उठून एकटाच रांजणातली फुलं पाहायचो. मला कोणी सांगितलं नव्हतं, पण पाहायचो.

भादव्यात माग सुरू झाला तेव्हा मला जरा बरं वाटलं. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्या दारावर टकटक केली. "चाल. बाईले तूच सांग."

नवं गाव म्हणजे सरळ रस्ते, सरळ घरं, विजेचे खांब. गवत म्हणाल तर नाही. बाईचं घर शेवटच्या ओळीत होतं आणि त्याच्या मागे मुरमाचा उघडा पट्टा. बाई आबाजींपेक्षा उंच, कमरेत थोडी वाकलेली, आवाज मात्र खणखणीत. दारात एक पांढरी शेळी. भाऊबीजेच्या सकाळी तिनं आबाजींना पाटावर बसवलं, ओवाळलं. मलाही ओवाळलं. साडी कपाळाला लावली आणि पेटी उघडली. आत निळ्या काठांची चळत होती. तिच्यावर ही ठेवून झाकण लावलं आणि ओवाळणीचं ताट पुन्हा उचललं.

"काहून रे, औंदा साडी काढून ठेव म्हणलास ना? आखर आणलं का?"

"आणून राहिलो होतो बाई," आबाजी म्हणाले. "वाटेत बुडालं."

"पुन्हा बुडालं?"

ते माझ्याकडे पाहत नव्हते. माझं नाव त्यांनी घेतलं नसतं, हे मला समजत होतं. म्हणून मीच म्हणालो, "आजी, मी बुडवलं. मी त्याचा रोवणा केला."

"कशाचा?"

"फुलाच्या रोपाचा."

बाई माझ्याकडे पाहत राहिली. "रोवणा? चिखल करून?"

"हो."

"पाणी बांधलंस?"

"दोन बोटं."

तिच्या हातातलं ताट थरथरायला लागलं. मला वाटलं रडते. ती हसत होती. खाली बसली, पदर तोंडाला लावला, तरी हसू थांबेना. "अरे बावा," ती आबाजींना म्हणाली, "डोळ्याचा रोवणा केला रे यानं! माह्या जन्मात नाही ऐकलं! निंदण कवा करणार होतास रे पोरा? अन् कापणी?"

आबाजींचे खांदे हलू लागले. मग तेही हसायला लागले. मी एकटाच हसलो नाही, पण पंधरा आठवड्यांनी पहिल्यांदा माझ्या छातीवरचं काहीतरी हललं.

हसून झाल्यावर बाईनं डोळे पुसले आणि जे बोलली ते मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं. म्हणाली, "बावा, तू सायकल उभी करून फूल पाह्यलंस. मी चाळीस साल शेण वेचता वेचता पाह्यलं. जिथं गवत गुडघ्याएवढं, तिथं एक डोळा नसे. जिकडून ढोरं जात, जिथं खुरानं जमीन उकरलेली, गवत चरून बारीक झालेलं, तिथंच असत. तू कुंडीत लाड करतोस, यानं बांधीत बुडवलं. ढोरं कुठं आहेत तुमची? ढोराशिवाय आखर असते का?"

आबाजींनी खिशातून डबी काढली आणि बाईच्या हातात दिली. त्यांच्या हातातून ती डबी दुसऱ्या कोणाच्या हातात गेलेली मी तोवर पाहिली नव्हती. बाईनं ती कानाजवळ धरून हलवली.

"हे वाजवत फिरतोस? लोक म्हणतात तुहा भाऊ येडा झाला."

"टरफल घासून राहिलो बाई."

"अन् माह्या शेळीचे खुरं कायले आहेत?"

त्याच दुपारी आम्ही तिघांनी घरामागच्या पट्ट्यावर बी फेकलं, घासलेलंही आणि कोरंही. खणलं नाही, पाणी दिलं नाही. बाईनं शेळी आणून तिथं खुंटाला बांधली आणि म्हणाली, रोज खुंटा हात हात सरकवीन. निघताना आबाजी दारात थांबले. "साडी नेस ना मंग. पेरलं तं आहे."

"आधी डोळे उघडू दे," बाई म्हणाली.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही दोघं जाऊन आलो. पट्ट्यावर बारीक गवत आलं होतं. शेळीनं ते कातरल्यासारखं केलं होतं. फूल एकही नव्हतं. आबाजी म्हणाले, "पहिलं साल मुळाचं असते." मी मात्र सकाळी त्या पट्ट्यावर गुडघ्यावर रांगत फिरलो होतो, आणि एका ठिकाणी गवताच्या बुडाशी मला दोन इवली पानं दिसली होती, त्यांच्यावर लव होती. तीच असतील की दुसरं काही, सांगता येत नव्हतं. माती जरा बाजूला करून मूळ पाहावंसं फार वाटलं. हात पुढे गेलाही होता. मी तो मागे घेतला. आबाजींनाही सांगितलं नाही, कारण तीच आहेत असं मला म्हणता आलं नसतं.

मग माझं शेवटचं वर्ष संपलं आणि मी पुढं शिकायला नागपूरला आलो. आबाजींकडे फोन नव्हता. मी पानठेल्यावर फोन करायचो, भाऊ ओरडून समोर विचारायचे आणि उत्तर मला सांगायचे. श्रावणात कळलं की आबाजींना दम लागतो, सायकल बंद आहे, बाईकडे जाणं झालं नाही. "पण डबी वाजवते म्हातारा," भाऊ म्हणाले. "काळजी करू नको." त्यानंतर माझी परीक्षा आली. मी महिनाभर फोन केला नाही. हे लिहिताना लाज वाटते.

फोन भाऊंचाच आला. दिवाळीला तीन आठवडे होते.

"तुहा म्हातारा गेला रे. आज आठ दिस झाले. तुहा नंबर माह्या पोरानं मोबाईलातून खोडला होता, आता सापडला."

मी काय बोललो ते आठवत नाही. भाऊ सांगत होते. झोपेतच गेले. मागावर साडी अर्धी होती. सगळी गल्ली आली. "अन् त्याची बहीण आली ना, ती तं त्याच्यापेक्षा वरचढ. मयतीले कोरी साडी नेसून आली! निळ्या काठाची. घड्या जशाच्या तशा दिसून राहिल्या होत्या. बाया तोंडाले पदर लावून पाहत होत्या. मयतीले कोणी कोरी साडी नेसते का, सांग बरं?"

"काही बोलल्या का त्या?"

"बोलली ना. त्याच्या डोक्याजवळ बसली अन् म्हणे, भाऊबीजेले नेसून दाखवीन म्हणून तुले सांगतलं नव्हतं रे, तुलेच घाई. आता याचा का अर्थ लावायचा? अन् लोकांनी हार आणले, फुलं आणली, हिनं का आणावं? मुरमाचं एक ढेकूळ. त्याच्यावर गवत. ते ठेवलं त्याच्या छातीवर. तसंच नेलं आम्ही घाटावर. मी खांदा दिला, माह्या नाकासमोर होतं ते. मी नीट पाह्यलं. फूलगील काही नाही त्यात, नुसतं गवत."

"भाऊ, किती वाजले होते?"

"आँ?"

"तुम्ही पाहिलं तेव्हा. किती वाजले होते?"

"दोन-अडीच झाले असतील. काहून?"

पलीकडे भाऊ हॅलो, हॅलो करत होते.

"सकाळी पाहायला पाहिजे होतं, भाऊ," मी म्हणालो.